उंची कुठून मोजायची?

कार्य आणि ऊर्जा हा धडा सुरू झाला की माझ्याकडे येणारे प्रश्न बहुतेक एकाच अक्षरापाशी अडतात. स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे वस्तूत साठलेली ऊर्जा, हा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार, हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते उंचीच्या h पाशी. या वेळचे प्रश्नही तसेच आहेत.

आमचं चादरींचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. २ किलोचा गठ्ठा दीड मीटर उंच फळीवर ठेवला, तर माझं उत्तर २९.४ ज्यूल येतं. मित्र म्हणतो, उंची रस्त्यापासून धर. बरोबर कोण? (नववी, अशोक चौक)

दोघंही बरोबर आहात. चूक एवढीच की उंची कुठून मोजली, ते दोघांनीही लिहिलेलं नाही. एकदा स्टेशनवर जाऊन फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी बघ. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर आहे. हिशेबापुरती तुझ्या दुकानाची फरशी ४५० मीटरवर धरू. समुद्रसपाटीला शून्य मानलं तर फळीवरच्या गठ्ठ्याची स्थितिज ऊर्जा ८८४९.४ ज्यूल होते. पण तो खाली पडला म्हणून फरशीला एवढा दणका बसत नाही, कारण फरशीवर आल्यावरही त्याच हिशेबाने ८८२० ज्यूल शिल्लक असतात. फरक पुन्हा २९.४ ज्यूलच. शून्य कुठे ठेवायचं हे आपल्या हातात असतं, मात्र एका गणितात ते मधेच हलवायचं नाही. उत्तराची पहिली ओळ ‘फरशीची पातळी शून्य धरून’ अशी लिहायची सवय लाव.

आडात १२ मीटर खाली १० किलोचा भरलेला पोहरा आहे. माझं उत्तर उणे ११७६ ज्यूल आलं. ऊर्जा उणे असते का? (दहावी, बार्शी)

असते. तू काठाला शून्य धरलंस आणि पोहरा काठाच्या खाली आहे. तो काठापर्यंत ओढायला निदान ११७६ ज्यूल कार्य करावं लागेल, एवढंच ते उणे चिन्ह सांगतं. तळाला शून्य धरलंस तर उणे चिन्ह जाईल, ओढण्याचं कार्य तेवढंच राहील.

गुरुत्वत्वरण ९.८ घ्यायचं की १०? (नववी, होटगी रोड)

प्रश्नात दिलं असेल ते. १० घेतल्यास उत्तर सुमारे दोन टक्क्यांनी वाढतं.

आमच्या हौदातून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाणी चढवायला अर्धा एचपीची मोटार २० मिनिटं चालते. मुलाने सूत्राने ८८,२०० ज्यूल काढले. मोटारीच्या हिशेबाने तर आकडा पाचपट येतो. सूत्र चुकतं का? (गृहिणी, जुळे सोलापूर)

सूत्र बरोबर आहे, उंची चुकली आहे. मुलाने जमिनीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतचे ९ मीटर धरले. पाणी मात्र हौदातून निघतं. हौदातली पातळी जमिनीखाली सरासरी २ मीटर असेल, तर पाणी ११ मीटर चढतं आणि कार्य १,०७,८०० ज्यूल होतं. इथे पुष्कळजण फूटव्हॉल्व्हपासून, म्हणजे पाइपाच्या पाण्यात बुडालेल्या टोकाच्या झडपेपासून मोजतात, तसं करू नका. हौदातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासूनच मोजा.

टाकी भरल्यावर पाण्याकडे हे सगळे ज्यूल राहत नाहीत. पाइप वरून सोडलेला असतो आणि भरलेल्या टाकीतल्या पाण्याचा मध्य त्याच्या तोंडाखाली साधारण ६० सेंटिमीटर असतो. साठलेल्या पाण्यासाठी उंची या मध्यापर्यंत, म्हणजे १०.४ मीटर धरायची. उत्तर १,०१,९२० ज्यूल. उरलेले ५,८८० धारेच्या खळखळाटात गेले.

अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. २० मिनिटांत ४,४७,६०० ज्यूल. यातला चौथा हिस्साही पाणी चढवण्यात लागला नाही. बाकीचे पंपात, पाइपाच्या घर्षणात आणि प्रत्येक वळणावर खर्च झाले. शिवाय पाटीवरचा एचपी हा मोटारीने पंपाला दिलेला असतो, वीज त्याहून जास्त लागते. मुलाला हा हिशेब गच्चीवर टेप घेऊन करू द्या.

अकरावीत स्थितिज ऊर्जेचं सूत्र वेगळंच आहे आणि ते नेहमी उणे येतं. मग आधीचं खोटं होतं का? (अकरावी, पंढरपूर)

नव्या सूत्रात शून्य अनंत अंतरावर ठेवलेलं असतं, म्हणून तिथून अलीकडे सगळीकडे उणे. त्याच सूत्राने फरशी आणि गच्ची यांच्यातला फरक काढलास, तर जुनंच उत्तर मिळेल, कारण पृथ्वीच्या ६३७१ किलोमीटर त्रिज्येपुढे दहा मीटर काहीच नाहीत. ४०० किलोमीटर वर गेलास तर जुनं सूत्र सुमारे सहा टक्के जास्त उत्तर देतं.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. ५० किलोचं कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन ते सपाटीवर चालतात, तेव्हा कार्य शून्य असं पुस्तकात आहे. हे मला पटत नाही. (नववी, सोलापूर)

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. पुस्तकातलं शून्य हे पोत्याच्या खात्यातलं आहे. पोत्याची उंची बदलली नाही, म्हणून गुरुत्वबलाने त्यावर कार्य केलं नाही. वडिलांच्या शरीराबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही. ओझं नुसतं धरून उभं राहिलं तरी स्नायूंचे तंतू सतत आखडतात आणि सैल होतात, आणि त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते.

आता फळीवरून १.२ मीटर उंच ट्रकमध्ये चढण्याचं बघ. पोत्याचे ५८८ ज्यूल. पण वर फक्त पोतं जात नाही, वडीलही जातात. त्यांचं वजन ६० किलो धरलं तर त्यांचे ७०५.६ ज्यूल, पोत्याहून जास्त. २०० पोत्यांचे मिळून २,५८,७२० ज्यूल झाले. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा अशा कार्यात उतरवतात, म्हणजे शरीराचा खर्च दहा लाख ज्यूलच्या वर. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १४ लाख ज्यूल असतात. यात उतरतानाचा खर्च धरलेला नाही, आणि उतरताना शरीर खाली आलं म्हणून ती ऊर्जा परत मिळत नाही. स्नायू तोल सावरत, वेग आवरत आणखी खर्च करतात.

वहीत हे गणित मांडशील, तेव्हा वस्तुमानाच्या जागी ५० नको, ११० लिही.