सरांचे रात्रीचे मेसेज

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी मंडळाच्या संघातून कबड्डी खेळते. प्रशिक्षक सर तिला रात्री दहानंतर मेसेज करतात, वर ‘घरी दाखवू नकोस’ म्हणतात. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला दोन दिवसांची स्पर्धा आहे. खेळ बंद करू का?
– एक आई, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : खेळ बंद केलात तर शिक्षा मुलीलाच. ‘उद्या सहाला या’ हा निरोप पालकांच्या ग्रुपवरही देता येतो. ‘घरी दाखवू नकोस’ ही मात्र धोक्याची खूण आहे. मेसेज पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. सरांना लगेच जाब विचारू नका. माणूस सावध होतो आणि आपल्याकडचं सगळं पुसून टाकतो. मुलीला एकदाच, शांतपणे विचारा आणि तिचेच शब्द लिहून ठेवा. आई, मामा, अध्यक्ष अशा चौघांनी खोदून विचारलं की तपशील इकडेतिकडे होतात आणि कोर्टात वकील तेच धरून बसतो.

‘मंडळातच मिटवू’ म्हणणारे भेटतीलच. मेसेजमध्ये शरीराबद्दल, फोटोबद्दल काही असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गुन्हा घडेल अशी नुसती भीती वाटली तरी. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आपल्या भागात खरी अडचण भाषेची. जबाब कानडीत लिहिला जातो आणि मुलीला कळत नाही. दुभाषी मिळणं हा तिचा हक्क आहे. मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. कोल्हापुरात काही घडलं तरी तक्रार खानापुरात देता येते. पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर ‘झिरो एफआयआर’ मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा.

या सरांबरोबर मुलीला पाठवू नका. दुसरा प्रशिक्षक आणि सोबत एक महिला द्या, असं मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या. मुलींच्या खोलीत प्रशिक्षकाने जायचं नाही, एकटीला मोटारसायकलवर न्यायचं नाही, मालिश बंद दाराआड नाही. मुलींचं वजन बाईनेच करायचं, अंगावर कपडे ठेवून.