आइस हॉकीची कारकीर्द : नेरूळहून बर्फापर्यंत

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा अनेक वर्षे इनलाइन स्केटिंग (एका ओळीत चाके असलेल्या बुटांवरचे स्केटिंग) करतो आणि आता आइस हॉकीचा व्यावसायिक खेळाडू व्हायचे म्हणतो. हे शक्य आहे का? – एक पालक, नेरूळ

उत्तर : आपल्या मुलाची ओढ खरी आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. उत्तर अमेरिकेतील एनएचएल ही या खेळातील सर्वोच्च लीग असून तिच्या 32 संघांत पोहोचणारे बहुतेक खेळाडू शाळेत जाण्याच्या वयापासून बर्फावर वाढलेले असतात. साधारण अठराव्या वर्षी ते ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेसाठी, पात्र ठरतात. मात्र निवड झाली तरी संघात जागा मिळतेच असे नाही, आणि कित्येकांची सारी कारकीर्द एएचएलसारख्या दुय्यम लीगमध्येच जाते. एनएचएलमधील दिग्गज खेळाडू गॉर्डी हाऊ वयाच्या 52व्या वर्षापर्यंत खेळले, पण तो विलक्षण अपवाद होय.

भारतात या खेळाचे खरे घर लडाख आहे. भारतीय महिला संघाने 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्यामुळे एनएचएलपेक्षा राष्ट्रीय संघाचे ध्येय अधिक वास्तववादी ठरेल. इनलाइनमुळे तोल सांभाळण्याचे कौशल्य येते. बर्फावर थांबण्याचे तंत्र मात्र नव्याने शिकावे लागते. त्यासाठी सुटीत त्याला गुरुग्राम किंवा डेहराडूनच्या बर्फाच्या रिंकवर (स्केटिंगच्या मैदानावर) न्यावे, आणि दहावीचा अभ्यास मुळीच सोडू देऊ नये.