घड्याळ तेच, मग वेळ कमीजास्त का वाटतो?

प्रश्न असा आहे: कंटाळ्याचा एक तास संपता संपत नाही आणि सुट्टीचा आठवडा भुर्रकन जातो. घड्याळ तर तेच असतं. मग हा फरक कुठून येतो? आइन्स्टाइनची सापेक्षता म्हणतात ती हीच का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. सापेक्षतेत खुद्द घड्याळंच वेगवेगळ्या गतीने चालतात. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढी दुरुस्ती करावीच लागते. तिथे कुणाच्या कंटाळ्याचा काही संबंध नाही. तुम्ही म्हणताय तो फरक आपल्या डोक्यात होतो, आणि तो मी गेली दोन वर्षं फार जवळून बघते आहे.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. हातात दोन सुया, त्यामुळे तो हात हलवायचा नाही. शेजारी मशीन, आणि त्याच्या पडद्यावर राहिलेला वेळ उलटा मोजत असतो. सुरुवातीला अण्णांची नजर त्या आकड्यावरून हलायचीच नाही. ३:१२. खूप वेळ गेला असं वाटून पुन्हा बघावं, तर ३:०९. एकदा ते मला म्हणाले, "अगं, हे बंद पडलंय का विचार बरं."

अण्णांनी जन्मभर भिक्षुकी केली. लग्नात पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडायचं. बुडाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू भरते आणि बुडाली की घटका भरली. घटका म्हणजे २४ मिनिटं, म्हणून चार तासांना ते दहा घटका म्हणतात. "मुलीच्या आईला घटका कधी भरली ते कळायचं नाही, आणि नवऱ्यामुलाची ती भरता भरायची नाही. पात्र एकच," हे त्यांनी मला मशीनशेजारी पडल्यापडल्या सांगितलं.

यातलं पहिलं कारण आहे लक्ष. वेळेकडेच डोळे लावून बसलं की वेळ लांबतो; मन दुसरीकडे गुंतलं की आखडतो. पुढे टेक्निशियननेच तो पडदा आपल्या बाजूला वळवून घेतला. त्या दिवशी अण्णा जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगत बसले, आणि सुया काढायला माणूस आला तेव्हा म्हणाले, "एवढ्यात?"

पण माणसाला बाहेरचा आधारच काढून घेतला तर? मिशेल सिफ्र नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच भूवैज्ञानिक १६ जुलै १९६२ रोजी आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय राहायला उतरला. १४ सप्टेंबरला त्याला सांगण्यात आलं की प्रयोग संपला. त्याच्या हिशेबाने तेव्हा २० ऑगस्ट होता. एका सेकंदाला एक अशा गतीने १२० पर्यंत मोजायला त्याला जवळजवळ पाच मिनिटं लागत, आणि त्याला वाटे दोनच मिनिटं झाली. अंधार, थंडी, करायला फारसं काही नाही, तरी दिवस लांबले नाहीत, उलट गळून गेले. मला हे वाचून आधी खोटंच वाटलं होतं.

मग लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक, जाताना वेळ किती लांब वाटला. दुसरी, मागे वळून बघताना किती लांब वाटतो. पहिली लक्षावर चालते, दुसरी आठवणींवर. नवं काही घडलं नाही की मेंदू साठवत नाही, आणि साठवलेलं थोडं असलं की गेलेला काळ आखूड वाटतो. आपल्या भाषेतही 'तो वेळ' जातो आणि 'ती वेळ' येते. आठवणीत बहुतेक दुसरीच राहते.

अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच बाजूचा आहे. लोकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळीत पाडलं. स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. पण पडताना मनगटावरच्या यंत्रात वेगाने लुकलुकणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा जास्त स्पष्ट वाचता आले नाहीत. म्हणजे भीतीच्या क्षणी जग संथ झालं नव्हतं. संशोधकांच्या मते त्या क्षणांची आठवण दाट झाली होती.

आमचा हिशेब करून बघितला. आठवड्याला तीन वेळा, चार तास, वर्षाला ६२४ तास. म्हणजे रात्रंदिवस धरून पूर्ण २६ दिवस. त्यातले बरेचसे तास अण्णांना जाता जात नव्हते. आणि आज मागे बघताना ते सगळे मिळून एकच दुपार आठवते: निळं ब्लँकेट, स्पिरिटचा वास, पंप फिरल्याचा आवाज. कुठला सोमवार कुठला, काही सांगता येत नाही. अण्णांची सत्तरीतली ही पूर्ण दोन वर्षं कुठे गेली, असं ते विचारतात तेव्हा मला खरंच गलबलून येतं.

फक्त एक वेळ वेगळी. मागच्या वैशाखात भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो आणि शुक्रवारचं डायलिसिस तिथल्याच एका सेंटरवर केलं. शेजारच्या खाटेवर गुऱ्हाळ चालवणारे एक काका होते, खिडकीतून चिंच दिसत होती, नर्सने सुई उजव्या बाजूने टोचली, मध्ये दहा मिनिटं लाइट गेली आणि मशीन बॅटरीवर चाललं. ते चार तास अण्णा अजूनही घटकेघटकेने सांगतात, आणि दर वेळी त्यांत एखादी नवी गोष्ट निघते.