वर्कशॉप मॅनेजर व्हा, पण आधी ती पॉलिसी परत करा

तुमचा प्रश्न सरळ आहे. वय 38, निगडीच्या अधिकृत ट्रक वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं हेवी व्हेइकल मेकॅनिक. आता चाकणजवळच्या एका खासगी ट्रक सर्व्हिस सेंटरचे मालक मॅनेजर म्हणून बोलावताहेत, महिना 48,000 आणि वर इन्सेंटिव्ह. जावं का?

त्याकडे येतोच. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय ते आधी घेऊ: "पगार वाढणार म्हणून बँकेतल्या अधिकाऱ्यांनी गॅरंटीड प्लॅन करून दिला. वर्षाला 1,20,000, दहा वर्षं. विसाव्या वर्षी दुप्पट, 24 लाख. पहिला हप्ता मिसेसचे दागिने ठेवून भरला, पुढचे पीएफ काढून भरेन. बॉण्ड येऊन बारा दिवस झाले."

बारा दिवस झालेत म्हणूनच अजून वाट मोकळी आहे. आयुर्विम्याचा बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. स्टॅम्प ड्युटी, झाली असल्यास वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची छोटी रक्कम कापून बाकी सगळा हप्ता परत मिळतो. तुमच्याकडे अठरा दिवस उरलेत.

बँकेत जाऊ नका, विमा कंपनीच्या शाखेत जा. अर्जात पॉलिसी नंबर, बॉण्ड मिळाल्याची तारीख आणि "अटी मान्य नाहीत, फ्री लुकमध्ये रद्द करावी" एवढं लिहा. मूळ बॉण्ड, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवरही पाठवा. बॉण्ड कुरिअरने आला असेल तर पाकीट जपून ठेवा, मिळाल्याच्या तारखेवरून वाद होतो. बँकेतून फोन येतील: हप्ता कमी करून देतो, साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या. "पुढच्या महिन्यात" म्हणजे मुदत संपल्यावर. शाखेने अर्ज घ्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.

आता ते "दुप्पट" पाहू. दहा वर्षांत 12 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 24 लाख घ्यायचे. पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकले, म्हणजे परतावा वर्षाला साडेचार टक्के. हेच 1,20,000 दहा वर्षं पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी टाकले आणि वीस वर्षांपर्यंत राहू दिले, तर सुमारे 35 लाख होतात. फरक 11 लाखांचा. हा साडेचार टक्क्यांचा माल तुम्ही कशाने विकत घेतलात? सोनेतारण कर्जाने. त्याचं व्याज दहा-अकरा टक्के धरलं, तर आत्ताच महिन्याला हजार-अकराशे रुपये जाताहेत. पगार अजून वाढलेला नाही, ऑफर लेटर हातात नाही, आणि त्या वाढीवर दहा वर्षांचा हप्ता कुणीतरी बसवून मोकळा झाला. दागिने गहाण ठेवलेल्या माणसाला दीर्घ मुदतीची पॉलिसी विकणं मला अजिबात मान्य नाही. पैसे परत आले की त्याच दिवशी कर्ज फेडा आणि दागिने घरी आणा.

आणि पुढचे हप्ते पीएफमधून? तुमच्या खात्यात 7 लाख आहेत, त्यावर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज मिळालं. दर असाच राहिला तर हे 7 लाख वीस वर्षांत एकही रुपया न घालता 34 लाखांच्या आसपास जातील. सव्वाआठ टक्के मोडून साडेचार टक्क्यांत टाकायला सांगणाऱ्याला तुमच्या म्हातारपणाशी देणंघेणं नाही. नोकरी बदलली म्हणून पीएफ काढू नका. नव्या ठिकाणी पीएफ असेल तर त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा. नसेल तर खातं तसंच ठेवा, वयाच्या 58 पर्यंत व्याज जमत राहतं (नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तेवढं लक्षात ठेवा). पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात, तुमची पंधरा झालीत. 58 व्या वर्षी पेन्शनसाठी धरला जाणारा कमाल पगार 15,000 × 15 वर्षं ÷ 70, म्हणजे महिना जास्तीत जास्त 3,200 च्या आसपास (सप्टेंबर 2014 आधीच्या नोकरीला कमी पगार धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच). आणखी वर्षं जोडायची असतील तर नव्या जागी पीएफ हवा.

तो तिथे आहे का, हे तुम्ही विचारलेलंच नाही. तुम्ही लिहिलंय सहा बे (गाडी उभी करून काम करायच्या जागा) आणि एकूण 14 माणसं. वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफ मालकाच्या मर्जीवर असतो. त्याच्याबरोबर पीएफ खात्याला जोडलेला ईडीएलआयचा विमाही जातो, जो आज तुमच्या घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळू शकतो.

आता मिळकत मांडू. आज हातात 30,000, ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्हचे 7,000, संध्याकाळच्या बाहेरच्या कामांचे 6,000. शिवाय तुमच्या आणि कंपनीच्या वाट्याचे मिळून 4,300 पीएफ-पेन्शनमध्ये जातात आणि ग्रॅच्युइटी साधारण 850 ने वाढते. सगळं मिळून 48,000. नव्या जागी 48,000 मधून निगडी-चाकण पेट्रोल आणि फोनचे साडेतीन हजार गेले. ओव्हरटाइम नाही, बाहेरची कामं बंद.

मग उरलं इन्सेंटिव्ह. लेबर बिल, म्हणजे पार्ट्स सोडून नुसत्या मजुरीचं बिल, महिन्याला 4 लाखांच्या वर जाईल त्याच्या 2 टक्के, आणि तुम्ही महिना 12,000 धरलेत. त्यासाठी लेबर 10 लाख व्हायला हवं. 26 दिवस, सहा बे म्हणजे प्रत्येक बेला रोज 6,400. तासाला 550 धरले तर रोज साडेअकरा तासांचं बिल. एका शिफ्टमध्ये, एका बेवर एक मेकॅनिक आणि एक हेल्पर असताना हे होत नाही. गिअरबॉक्स उतरवून ठेवलाय आणि क्लच किट यायचंय. इंजेक्टर टेस्टिंगला बाहेर गेलेत. बीएस-6 गाडीत भेसळीचा युरिया पडून नॉक्स सेन्सरचा कोड आलाय आणि ट्रान्सपोर्टर एस्टिमेटला हो म्हणत नाही. तोवर बे अडलेला आणि लेबर शून्य. साडेपाच तासांचं बिल निघालं तरी महिन्याला 4.7 लाख, आणि तुमचं इन्सेंटिव्ह 1,400. बारा हजार विसरा.

म्हणजे पैशांत आज दोनेक हजारांचा तोटाच आहे. तरीही मी जा म्हणेन. चेसीखाली झोपून आणखी वीस वर्षं गिअरबॉक्स उतरवणं पाठ आणि गुडघे सोसणार नाहीत, आणि मेकॅनिकचा पगार तुमच्या वयाला जवळजवळ थांबतो. मॅनेजरचा अनुभव तीन-चार वर्षांनी मोठ्या फ्लीटकडे किंवा डीलरकडे किंमत मिळवून देतो. फक्त पहिल्या वर्षी स्वतः पाना हातात घेण्याचा मोह आवरा. मेकॅनिकचा मॅनेजर झालेला माणूस इथेच चुकतो: तो इंजिनात डोकं घालून बसतो, बाहेर चार जॉब कार्डं उघडी पडतात, एस्टिमेट मंजूर करून घ्यायला कुणी नसतं आणि बिल दोन दिवस उशिरा निघतं.

अटी लेखी घ्या. इन्सेंटिव्हची पायरी 4 लाखांऐवजी 3 लाख मागा, 4.7 लाखांवर तेच 3,400 होतात. ट्रान्सपोर्टर 60-90 दिवस पैसे थकवतात, त्यामुळे उधारी कुणाला आणि किती हे मालकाने ठरवावं. बुडालेली उधारी किंवा पार्ट्सच्या स्टॉकमधली तूट तुमच्या पगारातून कापली जाणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. सही केलेला कोरा चेक मागितला तर तिथेच थांबा. नोटीस दोन्ही बाजूंनी दोन महिने असावी.

राजीनामा देण्यापूर्वी दोन विमे हातात हवेत. तुम्हाला बायको, दोन मुलं आणि 11 लाखांचं गृहकर्ज आहे, आणि जुन्या दोन पॉलिसींचं कव्हर मिळून 6 लाख. साठीपर्यंतचा 75 लाखांचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या. तंबाखू न खाणाऱ्याला ढोबळमानाने वर्षाला 12 ते 18 हजार. तंबाखू किंवा गुटखा खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल पण क्लेम अडणार नाही. शिक्षण आयटीआय असल्याने एखादी कंपनी कव्हर कमी देईल, मग दुसरीकडे विचारा. कंपनीचं मेडिक्लेम नोकरीबरोबर संपेल. स्वतःच्या फॅमिली फ्लोटरला (सगळ्या कुटुंबाच्या एकत्र मेडिक्लेमला) आजारपणासाठी पहिले 30 दिवस थांबावं लागतं, म्हणून तो किमान महिनाभर आधी घ्या.

जुन्या दोन्ही पॉलिसी मात्र घाईने मोडू नका. वीसपैकी दहा वर्षं भरून झालीत. आजची सरेंडर किंमत (आत्ता मोडल्यास मिळणारी) आणि पेड-अप किंमत (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास मिळणारी) कंपनीकडून लेखी मागवा. पुढच्या दहा वर्षांचा परतावा त्या आकड्यांवरून काढायचा, भरून झालेल्या हप्त्यांवरून नाही.

निघताना ग्रॅच्युइटी मागायला विसरू नका: मूळ पगार 18,000 × 15 ÷ 26 × 15 वर्षं, म्हणजे दीड लाखाच्या वर. तुमचा घरखर्च 28,000 आहे, त्यामुळे हे पैसे एफडीत ठेवले की साडेपाच महिन्यांची सोय झाली. नवी नोकरी जमली नाही तर हेच उपयोगी पडतील.

मालकाला सांगा की वीसपेक्षा कमी माणसं असली तरी स्वेच्छेने पीएफ लावता येतो. नाहीच म्हणाले तर 52,000 मागा आणि वरचे चार हजार दर महिन्याला पाच तारखेच्या आत पीपीएफमध्ये भरा. पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.