सिल्व्हर नायट्रेटची एक बाटली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी रत्नागिरीत सॉल्ट प्रिंट शिकतोय. बाजारच्या मिठाऐवजी समुद्राचं पाणी चालेल का?

छान चालेल. सॉल्ट प्रिंट म्हणजे कागद मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळल्यावर त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावून उन्हात फोटो छापायची पद्धत. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 1830च्या दशकात ही पद्धत काढली तीही साध्या मिठाच्या पाण्यावरच. एक किलो समुद्रपाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यातलं 19 ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. आपल्याला हवं तेच. कागदाला साधारण दोन टक्क्यांचं द्रावण पुरतं, म्हणून 600 मिली समुद्रपाण्यात 400 मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. आधी जाड फडक्यातून दोनदा गाळून घ्या. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी मचूळ असतं, ते नको. छपाई फिकी येते.

कागद वाळला की मंद पिवळ्या दिव्यात सिल्व्हर नायट्रेटचा हात द्या. हातमोजे आणि चष्मा घालूनच. डोळ्यात थेंब गेला तर इजा होते. उन्हात कडा आधी जांभळट होतात, मग चॉकलेटी. मी आजही घड्याळ बाजूला ठेवून त्या कडेवरच नजर लावून बसते. हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) चित्र उजळतं, म्हणून उन्हातून काढताना हवं त्याहून गडदच काढा.

प्रश्न : सिल्व्हर नायट्रेट नळाच्या पाण्यात विरघळवलं तर ताकासारखं पांढरं झालं. माल खराब होता का?

नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने तुमची चांदी धरली. आता डिस्टिल्ड पाण्यात नव्याने करा. पण त्या पांढऱ्या रंगाकडे नीट बघा, कारण त्याच्यावरच कित्येक दशकं समुद्राचा खारेपणा मोजला गेला. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभर फिरून आणलेल्या पाण्याचे 77 नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले. खारेपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच निघालं. मग एकटं क्लोराइड मोजलं की बाकीचा हिशेब आपोआप लागतो, आणि क्लोराइड मोजायला हीच बाटली! आज ते काम पाण्याची विद्युतवाहकता मोजून होतं.

प्रश्न : आर्क्टिकच्या बर्फाच्या फोटोत खालची बाजू तपकिरी दिसली. घाण आहे का?

ते जीव आहेत, बहुतेक डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवाल. समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशांच्या सुमारास गोठतं तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो आणि ते बारीक नळ्यांत खाऱ्या पाण्याच्या रूपात अडकतं. उणे 10 अंशांना हा खारेपणा समुद्राच्या सुमारे चौपट होतो. तिथले जीव स्वतःभोवती चिकट शर्करायुक्त पदार्थ सोडून तग धरतात. जास्त वस्ती बर्फाच्या तळाशी, कारण तिथे थंडी सौम्य आणि समुद्रातून पोषण मिळतं. बर्फातून झिरपणारा अंधूक उजेड त्यांना पुरतो. फोटो काढणाऱ्याने रंग ‘सुधारायला’ जाऊ नये, तो तपकिरी रंग हीच माहिती आहे. या भागात भारताचंही काम चालतं : नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र 2008 पासून सुरू आहे आणि ते चालवणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे.

प्रश्न : उरलेलं चांदीचं पाणी समुद्रात ओतलं तर काय बिघडतं?

कृपा करून ओतू नका. चांदीचे आयन अगदी थोडे असले तरी सूक्ष्मजीवांना मारक असतात. धुण्याच्या पाण्यात मीठ टाका, पांढरा साका बसला की वेगळा काढा. हायपोत मिठाने साका बसत नाही. वापरलेला हायपो वेगळ्या डब्यात साठवून जुन्या एक्स-रेची चांदी काढणाऱ्यांकडे द्या.