पिकलबॉलचं पहिलं पॅडल घेताय? थोडं थांबा

अरे, लगेच पंधरा हजारांचं कार्बन फायबरचं पॅडल, म्हणजे बॅट, मागवू नकोस, मी तीच चूक केली आणि बॉल मागच्या भिंतीला जाऊन आपटायचा नुसता. पहिले दोन-तीन आठवडे कोर्टवरच्या लोकांची पॅडल मागून खेळ, देतात बिनधास्त. मग वजन बघ, साधारण 220 ते 230 ग्रॅम बरं पडतं, त्याहून जड घेतलंस तर कोपर बोलायला लागतं आणि फारच हलकं असेल तर जोरात आलेल्या बॉलला हातातच फिरतं. जाडी 16 मिमीची घे, 13-14 वाल्यात पॉवर जास्त असते पण नवशिक्याला पॉवर नको असते रे, कंट्रोल हवा असतो. लाकडी सेट मात्र घेऊच नको. ग्रिप जरा बारीकच बरी, वरून ओव्हरग्रिपची पट्टी गुंडाळता येते, जाड ग्रिप बारीक कोण करणार?

कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, 44 बाय 20 फूट, त्यामुळे सोसायटीत कोर्ट असेल तर काम झालं, फक्त नेट खाली हवं, मध्ये 34 इंच. नेटपासून 7 फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात, तिथे उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच बॉल, मारायची नाही, आणि सर्व्हनंतर दोन्ही बाजूंनी एकेक टप्पा पडू द्यायचा. हे विसरशीलच, सगळेच विसरतात.

आणि हो, पैसे वाचले तर शूज घे. रनिंगचे नाही, कोर्टचे. उंच बॉल आला की पाठमोरं पळू नको, वळून पळ, पाठमोरं पळताना पडून आमच्या ग्रुपमध्ये दोघांची मनगटं गेलीत.