सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत रात्रीच का होते? तिचा इतिहास काय आहे?

दिव्यांचा झगमगाट छान दिसतो म्हणून नव्हे. उन्हापासून सुटका म्हणूनही नव्हे, जरी हे कारण बरेच जण छातीठोकपणे सांगतात. शर्यत रात्री होते ती युरोपातल्या घड्याळासाठी.

सिंगापुरात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सप्टेंबरात रोम, पॅरिस, माद्रिदला दुपारचे दोन वाजलेले असतात. रविवारचं जेवण उरकून मंडळी टीव्हीसमोर बसण्याची वेळ. २००८ मध्ये ही शर्यत सुरू झाली तेव्हा फॉर्म्युला वनचा व्यवहार बर्नी एक्लस्टन यांच्या हातात होता आणि या व्यवहारात टीव्हीच्या हक्कांचे पैसे फार मोठे. पूर्वेकडे दुपारी शर्यत ठेवली तर युरोपातला प्रेक्षक अंथरुणात, मग जाहिरातदार कशाला पैसे मोजतील? म्हणून एक्लस्टन यांनी पूर्वेकडच्या आयोजकांमागे रात्रीच्या शर्यतीचा लकडा लावला होता. ऑस्ट्रेलियातली शर्यत भरवणारं मेलबर्न काही बधलं नाही, त्यांनी २००९ मध्ये संध्याकाळी पाचला सुरुवात करून मधला मार्ग काढला. सिंगापूरने मात्र अट सरळ मान्य केली. आपल्याला याचा फुकटात फायदा झाला, कारण भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजतात. चहा घेत शर्यत बघता येते.

मी नोकरीनिमित्त सिंगापुरात राहतो, त्यामुळे शर्यतीच्या आठवड्यात रस्ते बंद, बस वळवलेल्या, ऑफिसला जायचं तर भलत्याच स्टेशनवर उतरा, हा ताप सवयीचा झाला आहे. पण गंमत अशी की ज्या देशाने शर्यतीसाठी आपलं मधलं शहर असं मोकळं करून दिलं, त्याच देशाने एकेकाळी मोटारींच्या शर्यती बंद करून टाकल्या होत्या. इतिहास तिथून सुरू करावा लागतो.

सिंगापूरची पहिली ग्रां प्री, म्हणजे मोठी मोटार शर्यत, १९६१ ची. नाव होतं ओरिएंट इयर ग्रां प्री, कारण पर्यटकांना खेचण्यासाठी त्या वर्षी सरकारने ‘ओरिएंट इयर’ नावाची मोहीम काढली होती. म्हणजे तेव्हाही पर्यटन हेच निमित्त! मार्ग होता अप्पर थॉमसन रोड आणि ओल्ड अप्पर थॉमसन रोड मिळून सुमारे ४.८६ किलोमीटरचा. एका बाजूला थॉमसन माइल नावाचा लांबलचक सरळ पट्टा, दुसऱ्या बाजूला जंगलातून जाणारी नागमोडी वळणं. त्या वळणांना ‘स्नेक्स’ म्हणायचे आणि पुढच्या एका अवघड वळणाला डेव्हिल्स बेंड. कडेला विजेचे खांब, झाडं, गटारं, बसथांबे. पुढे सिंगापूर मलेशियात सामील व्हायला निघालं तशी ती मलेशियन ग्रां प्री झाली आणि १९६५ मध्ये देश वेगळा झाल्यावर १९६६ पासून सिंगापूर ग्रां प्री. न्यूझीलंडच्या ग्रॅम लॉरेन्सने १९६९ ते १९७१ अशी सलग तीन वर्षं ती जिंकली. शेवटची १९७३ ची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या व्हर्न शूपनने मारली.

अकरा वर्षांत या रस्त्यावर सात जीव गेले. तरुण पोरं एरवीही बेफाम गाड्या हाणतील ही धास्ती आणि रस्ते बंद ठेवल्याने लोकांचे होणारे हाल, अशी कारणं देऊन सरकारने १९७३ नंतर शर्यत थांबवली. ओल्ड अप्पर थॉमसन रोड आज शांत, एकेरी रस्ता आहे. माकडं बसलेली असतात, आणि इथे कधीकाळी ग्रां प्री व्हायची हे सांगणारे फलक लावले आहेत. तुम्ही सिंगापूरला आलात तर आजची शर्यत होते त्या मरीना बेच्या आधी हे ठिकाण बघा, असं मी सांगेन. तिथल्या वळणावर उभं राहिलं की ती शर्यत बंद का पडली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग चौतीस वर्षांनी सरकारचं मन का पालटलं? शेजारच्या मलेशियाने १९९९ पासून सेपांगला फॉर्म्युला वन आणली होती. इकडे सिंगापूर मरीना बेभोवती समुद्रात भर घालून नवं शहर वसवत होतं, कॅसिनोंना परवानगी देत होतं. ‘शिस्तीचा पण नीरस देश’ ही ओळख पुसायची होती. मे २००७ मध्ये पाच वर्षांचा करार जाहीर झाला. आयोजक हॉटेल व्यावसायिक ओंग बेंग सेंग आणि पाठीशी सिंगापूर टुरिझम बोर्ड. सुरुवातीच्या वर्षांत खर्च वर्षाला सुमारे १५ कोटी सिंगापूर डॉलर आणि त्यातला ६० टक्के वाटा सरकारचा. म्हणजे हा खेळ कमी आणि सरकारी खर्चाने केलेली दोन तासांची जाहिरात जास्त. हेलिकॉप्टरमधून दिसणारं ते उजळलेलं शहर हाच त्यातला माल. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. या जाहिरातीचे पैसे त्यांना वसूल झाले असावेत, नाहीतर करार पुन्हा पुन्हा वाढवला नसता. सध्याचा करार २०२८ पर्यंत आहे.

रात्रीच्या शर्यतीतली सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे प्रकाश. रस्त्यावरचे दिवे इथे कामाचे नाहीत. ताशी तीनशेच्या आसपास जाणाऱ्या ड्रायव्हरला उजेड आणि सावली आलटून पालटून आली की डोळे दिपतात, ब्रेक कुठे मारायचा ती खूण चुकते. हे काम व्हॅलेरिओ माइओली यांच्या इटालियन कंपनीकडे गेलं. ट्रॅकभर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांवर, साधारण दहा मीटर उंचीवर, सुमारे १५०० प्रखर दिवे. ट्रॅकवर सुमारे ३००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड, म्हणजे फुटबॉलच्या मैदानावरच्या दिव्यांहून कितीतरी जास्त. दिव्यांचे कोन असे लावलेले की झोत ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाऊ नये आणि पाऊस पडलाच तर ओल्या रस्त्यावरून चकाकी परत फिरू नये. वीज शहराच्या जाळ्यातून न घेता जनरेटरवर, तेही जोडीने. एक बंद पडला तर दुसरा लगेच भार उचलतो. कारण भरवेगात दिवे गेले तर काय होईल याचा विचारही नको. २०२३ पासून हे दिवे एलईडी आहेत.

२८ सप्टेंबर २००८ ला फॉर्म्युला वनच्या इतिहासातली पहिली रात्रीची शर्यत झाली आणि पहिल्याच वेळी अशी भानगड झाली की ते प्रकरण पुढे कोर्टकचेरीपर्यंत गेलं.

फेरारीचा फेलिपे मासा पहिल्या जागेवरून सुटला होता. रेनॉचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या जागेवर. गल्लीबोळातल्या ट्रॅकवर पंधराव्या जागेवरून जिंकणं अशक्यच. अलोन्सोला बाराव्या लॅपला (फेरीला), म्हणजे सगळ्यांच्या आधी, इंधनासाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टीम गाडीचं काम करते त्या जागी, बोलावलं. दोनच लॅपनंतर त्याचाच सहकारी नेल्सन पिके ज्युनिअर सतराव्या वळणावर भिंतीला धडकला. सेफ्टी कार आली, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी पुढची गाडी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सगळ्या गाड्या एकामागोमाग येईपर्यंत पिट बंद राहायची. बाकीचे अडकले, अलोन्सोचं काम आधीच झालेलं. तो जिंकला. मासा पिटमध्ये आला तेव्हा फेरारीच्या लोकांनी हिरवा दिवा लवकर लावला आणि तो इंधनाची नळी गाडीला लटकत घेऊन निघाला. शेवट तेरावा. त्या मोसमाचं विजेतेपद लुईस हॅमिल्टनने ९८ विरुद्ध ९७, एका गुणाने घेतलं.

पुढच्या वर्षी रेनॉने पिकेला काढून टाकलं आणि त्याने तोंड उघडलं: धडक मुद्दाम मारली होती, सांगून मारली होती. वळणही विचार करून निवडलेलं, कारण तिथे गाडी उचलायला क्रेन नव्हती, त्यामुळे सेफ्टी कार येणारच. सप्टेंबर २००९ मध्ये एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने, टीमप्रमुख फ्लावियो ब्रियातोरेंवर बेमुदत आणि इंजिनिअर पॅट सायमंड्सवर पाच वर्षांची बंदी घातली. फ्रान्सच्या कोर्टाने पुढे ती उठवली. २००९ च्या सिंगापूर शर्यतीत तिसरा आल्यावर अलोन्सोने ते यश ब्रियातोरेंनाच अर्पण केलं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. आणि मासा? तो २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं, अधिकाऱ्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं आणि त्यांनी झाकून ठेवलं.

२००८ च्या त्याच शर्यतीत रेड बुलच्या मार्क वेबरचा गिअरबॉक्स बिघडला. त्याच्या टीमने नंतर संशय घेतला तो जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या विजेवर! शहरात शर्यत भरवली की असलेही पाहुणे येतात. २०१६ मध्ये सरावाच्या वेळी ट्रॅकवर चक्क घोरपड फिरत होती.

आता ट्रॅकबद्दल. बहुतेक जण मरीना बे सँड्सचे तीन मनोरे आणि ते मोठं चाक एवढंच बघतात. मराठी माणसाने डोळे उघडे ठेवावेत असा भाग वेगळाच आहे. गाड्या सेंट अँड्र्यूज रोडवरून सुसाट जातात तेव्हा एका बाजूला जुना सिटी हॉल असतो, दुसऱ्या बाजूला पडांगचं मैदान. याच मैदानावर ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. शेजारच्या एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेचं स्मारक होतं, ते १९४५ मध्ये इंग्रजांनी परत येताच पाडलं. आज तिथे एक खुणेचा फलक आहे. शर्यतीच्या दिवसांत पडांगवर गाण्यांचे जलसे होतात, हजारो लोक नाचतात. पुढे १९१० सालचा अँडरसन ब्रिज लागतो. त्याच्या लोखंडी कमानींखालून गाड्या जाताना पाहिलं की भीतीच वाटते, इतकी ती जागा अरुंद आहे.

पहिल्या आराखड्यात ५.०६७ किलोमीटर आणि २३ वळणं होती. दहाव्या वळणावर ‘सिंगापूर स्लिंग’ नावाचा तिहेरी वळसा, रॅफल्स हॉटेलातल्या प्रसिद्ध पेयाचं नाव दिलेला. त्याच्या कडेचे उंचवटे गाड्या उडवायचे. ड्रायव्हरांनी इतकी नावं ठेवली की २०१३ मध्ये तो काढला. २०२३ मध्ये तरंगत्या मैदानाच्या जागी बांधकाम निघाल्याने चार वळणं जाऊन सरळ रस्ता आला. आता सुमारे ४.९ किलोमीटर, १९ वळणं, ६२ लॅप. माझ्या मते यात शर्यतीचं भलंच झालं, ओव्हरटेकला एक जागा तरी मिळाली.

रात्र असली तरी गारवा मिळतो असं मात्र नाही. विषुववृत्त जवळच. रात्रीही तीसच्या आसपास तापमान, हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही. ड्रायव्हर एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घाम गाळून घालवतात. शर्यत बऱ्याचदा दोन तासांच्या मर्यादेला जाऊन टेकते. २०१२, २०१४, २०१७ आणि २०२२ मध्ये तर ठरलेले लॅप पुरे होण्याआधीच वेळ संपली. २०२५ मध्ये एफआयएने अधिकृतपणे ‘उष्णतेचा धोका’ जाहीर केला, फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदाच. आणि टीमची सगळी माणसं या आठवड्यात युरोपच्याच वेळेवर जगतात: पहाटे झोप, दुपारी नाश्ता. हॉटेलवाले खोल्यांना जाड काळे पडदे लावून देतात.

आपल्या माणसाचा ठसा म्हणाल तर २०१२ मध्ये नारायण कार्तिकेयन एचआरटी टीमच्या गाडीत होता. तो भिंतीला धडकला आणि सेफ्टी कार आणावी लागली. तसंही २०२३ पर्यंतच्या एकाही सिंगापूर शर्यतीत सेफ्टी कार चुकली नव्हती. ती परंपरा २०२४ मध्ये मोडली.

एक बाजू पर्यटनाच्या पत्रकात सापडणार नाही. परिवहन मंत्री राहिलेले एस. ईश्वरन भेटवस्तू स्वीकारल्याच्या प्रकरणात दोषी ठरले. त्या भेटींत शर्यतीची तिकिटंही होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना १२ महिन्यांची कैद झाली. शर्यतीचे आयोजक ओंग बेंग सेंग यांनी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला, त्यांना दंड झाला. शर्यत चालूच आहे.

सिंगापूरनंतर शहरी रस्त्यांवरच्या रात्रीच्या शर्यतींची लाटच आली. २०२१ मध्ये जेद्दा, २०२३ मध्ये लास वेगास. वेगासला पहिल्याच सरावात रस्त्यावरचं झाकण उखडून कार्लोस साइन्सची फेरारी फुटली. आपल्याकडे चेन्नईत ऑगस्ट २०२४ अखेर आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या मार्गावर रात्री शर्यत झाली. ती फॉर्म्युला वन नव्हती, पण भारतातली रात्रीची पहिली रस्त्यावरची शर्यत तीच.

एकच सिंगापूर शर्यत बघायची असेल तर २०२३ ची शोधा. त्या वर्षी तोवरच्या सगळ्या शर्यती रेड बुलने जिंकल्या होत्या. इथे त्यांचं काहीच चाललं नाही, त्यांचा व्हर्स्टॅपन पाचवा आला. शेवटच्या लॅपांत फेरारीचा साइन्स पुढे, मागे लँडो नॉरिस, त्यामागे नव्या टायरवर झेपावत येणाऱ्या दोन मर्सिडीज. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलं की मागच्या ड्रायव्हरला आपल्या गाडीच्या मागच्या पंखाची फट उघडून जादा वेग मिळायचा. साइन्सने मुद्दाम नॉरिसला त्या एका सेकंदात ठेवलं, पुढे पळून गेला नाही. त्या वेगाच्या जोरावर नॉरिस मर्सिडीजना थोपवत राहिला आणि साइन्सची पाठ आपोआप राखली गेली. मर्सिडीजचा रसेल शेवटच्या लॅपला भिंतीत गेला. साइन्स ०.८१२ सेकंदाने जिंकला.